डाव्या बाजूची पेटी

१९ जानेवारी २०२५, रविवार

पतसंस्थेची डायरी दरवर्षी मिळते आणि दरवर्षी सर्किटच्या आकृत्या काढण्यात संपते. यंदा लिहायला घेतो, कारण नवीन काम हाती आलं आहे आणि ते पुढेमागे विकण्यासारखं वाटतं.

किशोर सकाळच्या एसटीने अमरावतीहून आला. पाठीला बास गिटार. पंजाबरावांच्या भीमगीतांच्या पार्टीत अठरा वर्षं तो बास वाजवतो आणि त्या पार्टीचा साउंड मी अकोल्याहून पाहतो. आल्याआल्या म्हणाला, "पंजाबरावनं सांगून टाकलं बे. चौदा एप्रिलच्या आत माया बास लोकाईले ऐकू आला पायजे. नाई तं दुसरा माणूस पायतो म्हणे."

पंजाबरावांचंही खोटं नाही. आता जयंतीला प्रत्येक चौकात डीजेच्या गाड्या उभ्या असतात. त्यांच्यापुढे आमचा बास म्हणजे पाण्यात ढेकूळ टाकल्यासारखा, कुठे गेला पत्ता लागत नाही. किशोरने मोबाईलवर एका परदेशी माणसाचा व्हिडिओ दाखवला. त्याच्या पायाखाली एक डबी. तिच्यावर पाय दिला की बासचा आवाज फाटून खरखरीत होतो, करवतीसारखी धार येते. फझ म्हणतात तिला. मी दोनदा ऐकलं आणि कळलं की हेच पाहिजे. खोल आवाज हॉर्नमधून, म्हणजे स्पीकरवरच्या भोंग्यातून, निघतच नाही. पण तो फाडला की त्याच्या वरचे सूर जन्मतात आणि ते हॉर्न बरोबर फेकतो.

किशोर मात्र फोन कानाला लावायचा सोडून जबड्याच्या हाडाला दाबून ऐकत होता. म्हटलं, "लेका, दाताने ऐकतो काय?" तो हसला.

डबी मी करून देतो असं सांगितलं. अकोटला रिक्षावर भोंगा धरून बसणाऱ्या पोऱ्यापासून इथवर आलो ते या दोन कानांवर. मीटर लावायच्या आधी मला कळतं कोणता ट्रान्झिस्टर आजारी आहे. किशोरसाठी याआधीही केलंच होतं. २०१२ साली तो म्हणाला, ढोलकी आणि ड्रमच्या गलक्यात माझाच बास मला ऐकू येत नाही. तेव्हा पंधरा इंची स्पीकर आणि वर हॉर्न अशी खास पेटी बनवून दिली. स्टँडवर, त्याच्या डाव्या कानाच्या सरळ रेषेत. पिवळ्या रंगात नाव घातलं, 'गोवर्धन, अकोला'. तेरा वर्षांत एक कार्यक्रम त्या पेटीशिवाय झालेला नाही. एकदाही बिघडली नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिली डबी झाली. भंगारातल्या जुन्या रेडिओंमधून जर्मेनियमचे अकरा ट्रान्झिस्टर काढले, त्यातले दोन कानाला पटले. वायरमन वापरतात तो लोखंडी स्विचचा डबा, त्याला भोकं पाडून पायाचं बटन बसवलं. आत नऊ व्होल्टची बॅटरी.

पहिला आवाज ऐकला आणि तोंड कडू झालं. गिटारला शोभेल असा फाटत होता, पण बासचं पोटच गेलं. दोन दिवस डोकं लावलं. शेवटी सिग्नल दोन वाटांनी नेला. एक वाट फाडायची, दुसरी आहे तशी ठेवायची आणि बाहेर पडताना दोन्ही एका नॉबवर मिसळायच्या. मग असा आवाज निघाला की सुभद्रा स्वयंपाकघरातून आली. "म्हैस चिडली काय दुकानात?" बायकोकडून एवढी दाद पुष्कळ झाली.

९ फेब्रुवारी, रविवार

किशोरला डबी दाखवली. अर्धा तास वाजवून म्हणाला, "चांगली हाये. पण धार नाई."

धार नाही? मला तर दाढेत कळ जात होती. आतला प्रीसेटचा स्क्रू फिरवून अजून कडक केली. "अजून," म्हणे. अजून केली. मग त्याने बासच्या लाकडाचं वरचं शिंगासारखं टोक हनुवटीखाली घेतलं, त्यावर दात टेकवले, डोळे मिटले आणि तार ओढली. बराच वेळ तसाच होता. म्हणाला, "हं. आता थोडं येऊन राह्यलं."

हे दात टेकवणं वर्ष-दोन वर्षांपासून चालू आहे. स्टेजवरही करतो. पोट्टे शिट्ट्या मारतात. मी म्हटलं, "चाळीशी गेली, आता तरी हिरोगिरी सोड." तेवढ्यात सुभद्रा चहा घेऊन आली.

तो गेल्यावर ती म्हणाली, "किशोरभाऊ आजकाल बोलताना माया तोंडाकडेच पायतात हो. डोयाकडे नाई. तोंडाकडे."

म्हटलं, "तुया तोंडाले हळद लागली असन."

तिने मान हलवली. "तुमच्याबी तोंडाकडे पायतात. तुमी पाठ केली की गप बसतात."

बायकांना काहीही दिसतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

ऊन चढायला लागलं आणि जर्मेनियमने दगा दिला. सकाळी घोगरी, दुपारी पत्र्याखाली नुसती फुसफुस. अकोल्याच्या उन्हात तो माल टिकायचा नाही. किशोर धार नाही, धार नाही म्हणत होता ते यामुळेच. उगाच त्याच्यावर चिडत होतो. पट्ठ्याचा कान माझ्याही पुढचा निघाला.

सिलिकॉनची नवी डबी केली. ही उन्हाला भीत नाही आणि धार अशी की ब्लेड.

५ मार्च, बुधवार

किशोर तीन दिवस फोन उचलत नाही. प्रत्येक वेळी त्याची बायको, रूपालीवहिनी. "थे बाहेर गेले भाऊजी, काय निरोप सांगू?" काल तर मागे बासचा आवाज येत होता. तो किशोरचाच हात. मी हजारात ओळखेन. तरी वहिनी म्हणाल्या, बाहेर गेले. मग म्हणाल्या, "तुमी फोन नका करत जाऊ. मेसेज टाकत जा. त्याईले मेसेज बरा पडते."

वाटतं, माझ्याशी बोलायचं टाळतो. किंवा डबीची कल्पना दुसऱ्याला सांगून नक्कल करून घेतोय. असं वाटायला नको, पण वाटलं ते लिहिलं.

९ मार्च, रविवार

अमरावतीला गेलो. बडनेरा रोडवरच्या टिनाच्या हॉलमध्ये पार्टीची तालीम असते. नवी डबी लावली. सोबत त्या पेटीचा जुना हॉर्न काढून दुप्पट वॅटचा बसवला, नाहीतर एवढी धार पेलणार कोण? किशोर खूश. पेटीला जवळजवळ खेटून उभा राहिला.

बाकीचे खूश नव्हते. गायिका कानात ओढणी कोंबून गात होती. ढोलकीवाला म्हणाला, "गोवर्धनभाऊ, थे कमी करा ना, माया हातच चुकून राह्यला." पंजाबरावांनी नुसतं कपाळ चोळलं. नवीन चीज लोकांना पहिल्यांदा टोचतेच.

एक गोष्ट खटकली. गाणं मध्येच थांबवलं, सगळे थांबले, किशोर वाजवत राहिला. चार-पाच ठोके. मग ढोलकीवाल्याचे हात मांडीवर दिसले तेव्हा थांबला. मी मागून हाक मारली, "किशोर." वळला नाही. पुन्हा मारली. नाही. माणसाला नवी वस्तू मिळाली की मस्ती येते, पण माझ्याशी?

२१ मार्च, शुक्रवार

पंजाबरावांचा फोन. रागात बोलत नाहीत ते, म्हणून जास्त लागतं.

"गोवर्धन, तुया डबीनं माया बासवाला बिघडला. पयले ताल सोडत नव्हता. आता कुठीबी जाते. डबी काढ, नाई तं त्याले काढतो. चौदा तारीख जवळ आली."

मी म्हटलं, "डबीत फॉल्ट नाई. मी सिद्ध करून देतो."

"कसं करतं?"

"गिऱ्हाइकाले करतो तसं. तीसले येतो. सगळ्याइच्या समोर."

माझी ती रीत आहे. गिऱ्हाइकाला भिंतीकडे तोंड करून बसवायचं. आवाज बारीक ठेवायचा, मोठ्या आवाजात सगळंच चांगलं वाटतं. एक फेरी या मशीनची, एक त्या मशीनची. प्रत्येक फेरी संपली की खांद्यावर टिचकी मारायची आणि त्याने सांगायचं, कोणती बरी. आणि तिसरी फेरी रिकामी. वायर हळूच काढून घ्यायची आणि वाजवल्यासारखं करायचं. प्रामाणिक माणूस म्हणतो, काही आलंच नाही. थापाड्या म्हणतो, वा, ही मस्त. या रिकाम्या फेरीवर मी आजवर कितीतरी शहाणे पकडले आहेत.

किशोरच्या कानावर माझा पूर्ण भरवसा आहे. त्यालाच बसवतो. तो बरोबर ओळखेल, पंजाबराव गप होतील, किशोरची जागा राहील आणि डबीचंही नाव होईल.

३० मार्च, रविवार

लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं.

हॉलमध्ये सगळी पार्टी होती. मोठा कूलर सुरू होता, फरशी थरथरत होती. किशोरला मेसेजवर फक्त 'डबीची टेस्ट आहे, ये' एवढंच कळवलं होतं. खुर्ची भिंतीकडे वळवून बस म्हणून खुणावलं तर तो म्हणाला, "बास मायाजवळ राहू दे."

"तुयाजवळ कायले? वाजवणार मी."

"राहू दे ना."

मी बास त्याच्या हातातून घेतला. त्याने एकदम सोडला नाही. मी हसत ओढला. रूपालीवहिनी दाराशी होत्या, त्या म्हणाल्या, "भाऊजी, आज राहू द्या. त्याईची तब्येत बरी नाई." म्हटलं, वहिनी, पाच मिनिटांचं काम.

पहिली फेरी, जर्मेनियमची जुनी डबी. खांद्यावर टिचकी. किशोर म्हणाला, "ठीक हाये."

दुसरी, सिलिकॉनची. बारीक आवाजातही गायिकेने तोंड वाकडं केलं. टिचकी. किशोर म्हणाला, "ही मऊ हाये." दोघे-तिघे हसले. मलाही वाटलं, मस्करी करतोय.

तिसऱ्या फेरीला वायर काढली. हात सवयीने गेला, एवढंच खरं आहे. नुसत्या तारांचा टिकटिक आवाज, बाकी कूलर. दहा-बारा ठोके वाजवले. टिचकी मारली.

किशोरने मान डोलावली. भिंतीकडे पाहतच म्हणाला, "हं. आता बसली धार. हीच ठेव गोवर्धन."

कोणी हसलं नाही. वायर माझ्या हातात लोंबत होती आणि सगळे तिच्याकडे पाहत होते. त्याला वाटलं अजून चाललंच आहे, म्हणून तो तसाच मान डोलावत बसून राहिला. मग रूपालीवहिनी आल्या, त्याच्यासमोर गेल्या आणि त्याचा हात धरला. त्यांच्याकडे पाहून त्याने मागे वळून पाहिलं. आधी माझ्या हाताकडे, मग आमच्या तोंडांकडे. एकेकाच्या.

पंजाबराव म्हणाले, "कवापासून?"

ते किशोरला ऐकू गेलं नाही. वहिनींनी सांगितलं, दोन वर्षांपासून.

३१ मार्च, सोमवार

दुकान उघडलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

रूपालीवहिनींना फोन केला. उचलतील असं वाटलं नव्हतं.

"दोन साल झाकलं भाऊजी. पयले डावा गेला, मंग उजवाबी. ढोलकीवाल्याचा हात पाहून वाजवत जात, त्याचा चुकला का याईचाबी चुके. सूर लाकडातून घेत, दात लावून. साधा बास दाताले कमी लागे. तुमची डबी आली तवा घरी येऊन रडले. म्हणे, आता मले कळते मी कुठी हाओ. धार जेवढी जास्त तेवढं दातात जास्त येते म्हणे."

मी विचारलं, मला का नाही सांगितलं?

"तुमाले सांगू म्हणत होती मी. थे म्हणे, नको, गोवर्धनले कानाचा लय अभिमान हाये, त्याले कीव येईन."

म्हणजे डबी चालली होती. ज्याच्यासाठी केली त्याला ती चालली होती. मी सिद्ध करायला गेलो नसतो तर चौदा तारीख निघाली असती. कदाचित पुढची दोन-तीन वर्षंही.

पंजाबरावांनी त्याला काढलं. वाईट बोलले नाहीत. शाल दिली म्हणे.

सुभद्राला सगळं सांगितलं. तिने 'मी म्हटलं होतं' म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

११ एप्रिल, शुक्रवार

किशोरला घेऊन अमरावतीच्या कानाच्या डॉक्टरकडे गेलो. वहिनींना मी म्हटलं होतं, माझ्या ओळखीचे आहेत. ओळख वगैरे नव्हती, मला फक्त जायचं होतं.

काचेच्या खोलीत त्याला बसवलं, कानावर यंत्र, हातात बटन. ऐकू आलं की दाबायचं. मी बाहेर होतो. डॉक्टरच्या यंत्रातून बारीक शिट्टी बाहेरही येत होती, एक, दोन, मग उंच, अजून उंच. मला प्रत्येक ऐकू येत होती. किशोर अंगठा बटनावर ठेवून माझ्याकडे पाहत होता. माझं तोंड हललं की दाबावं, असं काहीतरी त्याच्या मनात असावं. मी तोंड फिरवलं.

डाव्या कानात काही राहिलेलं नाही. उजव्यात खालचे सूर थोडे आहेत. कानाचं मशीन लावून बोलणं थोडं कळेल, गाणं नाही.

डॉक्टरने कागद माझ्यापुढे धरला. रेघ पायऱ्या उतरावी तशी उतरत गेली होती आणि एका जागी विहिरीत पडल्यासारखी. "हा खड्डा आवाजाने पडतो. आणि डावा आधी गेला, तोही एवढा जास्त. यांच्या डाव्या बाजूला इतकी वर्षं काय होतं? कारखान्यात आहेत का?"

म्हटलं, "गाण्याच्या पार्टीत आहेत."

"मग डावीकडे लाऊडस्पीकर असेल."

"असेल," मी म्हटलं.

कोणी ठेवला ते त्यांनी विचारलं नाही. किशोर आमच्या तोंडांकडे पाहत होता. मी हळू बोललो, ओठ फार न हलवता.

एसटी स्टँडवर त्याने मला सोडलं. म्हणाला, "तू वाईट वाटून घेऊ नको बे. पार्टीत सगळे बोलत, तुया बास असा, तुया बास तसा. मले काय पायजे थे फक्त तू इचारलं. पेटी तू केली, डबी तू केली." आता तो मोठ्याने बोलतो, त्याला स्वतःचा आवाज कळत नाही. फलाटावरच्या लोकांनी वळून पाहिलं.

१४ एप्रिल, सोमवार

साउंड घेऊन गेलो नाही. तब्येतीचं कारण सांगितलं. पहाटे वंदनेला उभा राहिलो, पुतळ्याला हार घातला, घरी आलो. दिवसभर गल्लीतून डीजे जात होते. खिडकीची तावदानं वाजत होती. तिकडे किशोर दारात खुर्ची टाकून बसला होता, असं वहिनींनी कळवलं. मिरवणूक गेली की पायाखालची जमीन हलते, ते त्याला आवडतं म्हणे.

२० एप्रिल, रविवार

हॉलवर जाऊन पंजाबरावांना म्हटलं, डाव्या बाजूची पेटी परत न्यायची आहे, जुनी झाली.

"जुनी? आता तं तू हॉर्न बदलला. नाई नेऊ देत. नव्या पोरीले थेच पायजे."

नवी पोरगी म्हणजे आचल. वीस-एकवीसची, कॉलेजात शिकते, बोटं फार चांगली आहेत. माझी सिलिकॉनची डबी तिने पायाखाली घेतली होती. पेटीच्या अगदी तोंडाशी उभी होती.

"काका, तुमीच बनवली ना ही? भारी हाये. थोडी धार अजून वाढवून द्या ना."

मी तिला सांगितलं की कानात कापूस घालत जा, पेटी लांब ठेव. ती म्हणाली, "मंग मजा काय हो काका," आणि बाकीचे हसले. किशोरचं नाव घ्यावं असं मनात आलं. पंजाबराव समोर होते. घेतलं नाही.

सगळे चहाला गेले तेव्हा पेटी मागून उघडली आणि हॉर्नची वायर कापली. टाका घालता येऊ नये म्हणून आतला पडदाही फोडला. स्क्रू परत आवळले. आजवर पहिल्यांदा मी चालू वस्तू बंद केली.

२७ एप्रिल, रविवार

पंजाबरावांचा फोन. खुशीत होते.

"अरे, त्या पेटीचा हॉर्न बसला होता. तुले कायले तकलीफ द्यायची म्हणून अथीच एका पोट्ट्याकून नवा टाकून घेतला. पयल्यापेक्षा कडक निंगाला गोवर्धन. आचल तं नाचूनच राह्यली. आन् नाव तसंच ठेवलं बरं, पुसू नाई देलं. म्हटलं, वस्तू गोवर्धनची हाये."

फोन ठेवला. किशोरला मेसेज करायला बसलो. 'डॉक्टर म्हणाले तो लाऊडस्पीकर म्हणजे माझी पेटी' एवढं लिहिलं. वाचलं. दुकानात गिऱ्हाईक आलं, त्याचा अ‍ॅम्प्लिफायर ऐकला, उजव्या चॅनेलमध्ये बारीक गुरगुर आहे ते सांगितलं. तो म्हणाला, मला तर काही ऐकू येत नाही, तुमचे कान म्हणजे कमाल आहेत. तो गेला.

मेसेज तसाच होता. पुसला. 'जेवला का?' लिहून पाठवलं.

लगेच उत्तर आलं. 'हाव. तू?'